अंध मुअज्जिनची अजान

रमजानमध्ये पहाटेच्या अजानपूर्वी सहरी, म्हणजे उपवासाआधीचे जेवण, आटोपावे लागते. प्रेषितांच्या (स.) काळात मदिनेत ही अजान कोण देत असे? हदीसनुसार हजरत बिलाल (रजि.) रात्र असतानाच अजान देत, खाणेपिणे थांबे ते हजरत इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) यांच्या अजानने. ते अंध होते. पहाट झाल्याचे लोक त्यांना सांगत, मग ते अजान देत. मक्केतील प्रतिष्ठितांशी बोलताना याच सहाबींकडे लक्ष दिले गेले नाही, म्हणून प्रेषितांना ‘अबस’ या 80 व्या सूरहमध्ये समज मिळाली, असे भाष्यकार सांगतात.

दिसत नाही म्हणून त्यांना वगळले नाही. अडत होते तेवढीच मदत दिली. विशेष शिक्षणाचे तत्त्व तरी यापेक्षा वेगळे काय आहे?

गेल्या जूनमध्ये शेजारची एक आई शाळेतून हिरमुसून परतली. मुलाला कमी ऐकू येते. ‘आमच्याकडे अशी सोय नाही,’ एवढेच उत्तर मिळाले होते. ‘सर, जास्त बोलले तर पोरालाच त्रास होईल,’ ती म्हणाली. ही भीती सगळ्याच धर्मांच्या घरांत आहे. आम्ही तोंडी विनंतीऐवजी अर्ज दिला: पहिला बाक, गृहपाठ फळ्यावर लिहून आणि विशेष शिक्षकाचे मार्गदर्शन. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घेतली. बाक मिळाला. विशेष शिक्षकासाठी दुसरा अर्ज दिला आहे.

ही कुणाची मेहेरबानी नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 नुसार मान्यताप्राप्त शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि गरजेनुसार सोयी करायच्या. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या 6 ते 18 वयाच्या मुलाला जवळच्या किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. म्हणून आधी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढा. मुख्याध्यापकांनी दाद दिली नाही तर गटशिक्षणाधिकारी, पुढे पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्तालय. प्रत्येक पायरीवर लेखी अर्ज आणि पोच हवीच.

या महिन्यात आपण जकात, सदका देतो. ज्यांना लिहिता येते त्यांनी एखाद्या आईला अर्ज लिहून द्यावा, सोबत शाळेत जावे. पहाट झाली, एवढे सांगणारे कुणीतरी हवे असते. अजान तो मुलगा स्वतः देईल.