श्रवणशस्त्रक्रियेची पूर्वतयारी

जळगावच्या मेहरूण भागातील एखाद्या जन्मबधिर बालकास श्रवणयंत्राचा पुरेसा उपयोग होत नसेल, तर अंतर्कर्णातील शंखाकृती नलिकेत सूक्ष्म विद्युदग्रे बसविण्याची, म्हणजेच कॉक्लिअर इम्प्लांटची, शस्त्रक्रिया सुचविली जाते. तिच्या पूर्वतयारीत काळ हाच मुख्य घटक होय. भाषा आत्मसात करण्याची मेंदूची शक्ती पहिल्या काही वर्षांतच सर्वाधिक असते. केंद्र शासनाच्या २०१४ सालच्या सुधारित 'एडिप' योजनेत जन्मबधिरांसाठी एक ते पाच वर्षांची वयोमर्यादा ठेवण्यात आली, ती याच कारणास्तव. या योजनेतील कॉक्लिअर इम्प्लांटचे काम मुंबईतील अली यावर जंग संस्थेकडे सोपविलेले आहे.

शस्त्रक्रियेपूर्वी बेरा चाचणीने श्रवणक्षमता मोजतात. काही महिने श्रवणयंत्र वापरून पाहतात. सीटी व एमआरआय चित्रणाने नलिका आणि श्रवणतंत्रिका यांची तपासणी करतात. मेंदूच्या आवरणाचा दाह टाळण्यासाठी न्यूमोकॉकस जंतूविरुद्धची लसही आधीच द्यावी लागते.

तथापि खरी तयारी घराचीच होय. जखम भरल्यावर, साधारणतः तीन-चार आठवड्यांनी, यंत्र सुरू होते. परंतु त्या दिवशी बालकास ऐकू येतो तो केवळ नाद. त्याला अर्थ येतो तो पुढील कित्येक वर्षांच्या श्रवण-वाचा प्रशिक्षणाने आणि घरातील अखंड संभाषणाने. हे संभाषण घरच्याच भाषेत व्हावे. आजी अहिराणी बोलत असेल, तर तिने नातवाशी अहिराणीतच बोलावे. पालकांनी शस्त्रक्रियेच्या तारखेइतकीच या दीर्घ परिश्रमाची सिद्धता आधीपासून ठेवणे अगत्याचे आहे.