गुन्हा कबूल आहे काय?

गेल्या मार्गशीर्षांतील गोष्ट. रात्रीं पाऊण वाजण्याच्या सुमारास उशाशीं ठेवलेला फोन वाजला. आमच्या घरांत एवढ्या रात्रीं येणारा फोन म्हणजे कोणीतरी गेल्याचीच वार्ता, असा आजवरचा अनुभव; तेव्हां घेतांना हात कांपला. पलीकडे पोलीस ठाण्यांतील अंमलदार होते. आमच्या धाकट्या बंधूंचे चिरंजीव, वय वर्षें २५, मित्राच्या लग्नाची मेजवानी आटोपून मोटारीनें परत येत असतां नाकाबंदीवर अडविले गेले होते. यंत्रांत फुंकर मारावयास लावतांच मर्यादेच्या दुपटीहून अधिक आंकडा निघाला आणि त्यांस अटक झाली. "त्याला कोठें लागलें नाहीं ना?" एवढेंच आम्हीं विचारलें. त्याच्या मोटारीनें दुसऱ्या कोणास लागलें काय, हा प्रश्न आमच्या तोंडून निघाला नाहीं. अंमलदारांनींच होऊन सांगितलें कीं, सुदैवानें तसें कांहीं घडलें नाहीं.

असला विषय कुटुंबाच्या मासिकांत कशास, असें कोणी म्हणेल. आम्हांसही आधीं तसेंच वाटत होतें. परंतु पुढील चार महिन्यांत ज्या ज्या आप्तांपाशीं ही गोष्ट काढली, त्या प्रत्येकानें "अहो, चलन भरून टाका आणि मोकळे व्हा" हाच सल्ला दिला, आणि त्या सल्ल्यांतील एकही अक्षर खरें नव्हतें.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ याचें १८५ वें कलम आम्हीं त्या दिवसांत इतक्या वेळां वाचलें कीं तें पाठ झालें. रक्ताच्या १०० मिलिलिटरांत ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा १०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा तोच अपराध घडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा १५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. दंडाचे हे आंकडे २०१९ च्या दुरुस्तीनें आले. सिग्नल मोडल्याचा दंड रस्त्यावर भरतां येतो, तसा हा भरतां येत नाहीं. या अपराधांत तडजोड नाहीं, म्हणून लोकअदालतीचाही उपयोग नाहीं. न्यायदंडाधिकाऱ्यांपुढें जावेंच लागतें.

आम्ही बंधूंसह ठाण्यावर पोंचलों तेव्हां मुलास वैद्यकीय तपासणीस नेलें होतें. अटकेपासून दोन तासांच्या आंत नोंदणीकृत डॉक्टरांकडून तपासणी झालीच पाहिजे, नाहींतर आरोपीस सोडावें लागतें, असा कायदा आहे. बंधूंनीं हें कोणाकडून तरी ऐकलें आणि ते घड्याळाकडे पाहूं लागले. मग हळूच म्हणाले, "दादा, तुमचा तो विद्यार्थी आतां मोठ्या हुद्द्यावर आहे ना? एक फोन केलात तर..."

खोटें कशास बोलावें? आम्हीं नंबर काढलाही होता. ज्या हातांनीं पस्तीस वर्षें नक्कल करणाऱ्यांच्या उत्तरपत्रिका काढून घेतल्या, त्याच हातांत तो फोन होता. आम्हीं तो परत खिशांत घातला तो सद्गुणामुळें नव्हे, तो विद्यार्थी "सर, तुम्ही सुद्धां?" असें म्हणाला तर काय, या भयानें.

मागाहून त्या रात्रीचा विचार करतांना आम्हांस पुण्याचेंच एक प्रकरण वारंवार आठवलें. १९ मे २०२४ च्या पहाटे कल्याणीनगर भागांत भरधाव मोटारीच्या धडकेनें दोघां तरुण अभियंत्यांचे प्राण गेले. अल्पवयीन आरोपीस त्याच दिवशीं जामीन मिळाला आणि अटींत ३०० शब्दांचा निबंध होता. आम्हीं आयुष्यांत हजारों निबंध तपासले. निबंधानें अक्षर सुधारतें, यापलीकडे आमचा दावा नाहीं. पुढें रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून दोन डॉक्टरांनाही अटक झाली. अशा गोष्टींचा आरंभ बहुधा एका फोनानेंच होत असावा.

तपासणी वेळेंत झाली होती. हा अपराध जामीनपात्र असल्यानें पहाटे ठाण्यावरच जामीन मिळाला. वाहन चालविण्याचा परवाना मात्र पोलिसांनीं ठेवून घेतला आणि पोंच दिली. ती पोंच दाखवून मोटार चालवितां येते, हा आणखी एक घरगुती समज. येत नाहीं. परवाना परत मिळेपर्यंत चालकाच्या जागेवर बसावयाचें नाहीं, असें कायद्यांत स्पष्ट आहे.

यानंतर घरांत जें सुरू झालें तें न्यायालयापेक्षां अवघड होतें. भावजयीचें म्हणणें, मुलाचें लग्न ठरावयाचें आहे, गुन्हा कबूल करून एका दिवसांत विषय मिटवावा. बंधूंचें म्हणणें, चांगला वकील देऊन लढावें. कबुली म्हणजे जन्माचा डाग. चिरंजीव दोहोंच्या मध्यें मान खालीं घालून जेवत.

वकीलसाहेब सज्जन भेटले. त्यांनीं दोन्ही बाजू मांडल्या. कबुली दिली म्हणजे दोषसिद्धि नोंदली जाते. सरकारी नोकरीच्या साक्षांकन-पत्रांत ती लिहावी लागते. अमेरिकेसारखा देश तर व्हिसाच्या अर्जांत नुसती अटक झाली होती काय, हेंही विचारतो. उलट, खटला लांबला तर प्रलंबित फौजदारी प्रकरणावरून पासपोर्ट नाकारतां येतो. लढण्यासारखें कांहीं असेल तर अवश्य लढावें. १९७१ सालींच सर्वोच्च न्यायालयानें महाराष्ट्रांतील एका खटल्यांत म्हटलें आहे कीं, तोंडास नुसता वास येणें वा चाल अडखळणें हा मद्यपानाचा पुरेसा पुरावा नव्हे. परंतु येथें रक्ततपासणीचा अहवाल होता. एवढें सांगून ते आमच्याकडे किंवा बंधूंकडे न पाहतां मुलाकडे वळले आणि म्हणाले, "कागदावर जें लिहिलें आहे, तें खरें आहे काय?"

तीन महिन्यांत हा प्रश्न आमच्यापैकीं कोणीही त्यास विचारला नव्हता.

"खरें आहे," तो म्हणाला. "आणि गाडींत मागें दोघे मित्र झोपले होते." ही दुसरी गोष्ट आम्हीं त्या दिवशीं प्रथम ऐकली.

चैत्रांत तारीख लागली. न्यायालयाच्या ओसरीवर सकाळीं साडेदहापासून बसलों. शेजारीं एक टेम्पोचालक होता. त्याचाही तोच अपराध. परवाना गेला म्हणजे त्याची रोजी गेली. आमच्या मुलास फार तर बसचें तिकीट काढावें लागणार. वकील करण्याची ऐपत नसेल तर विधि सेवा प्राधिकरणाकडे विनामूल्य वकिलासाठीं अर्ज करतां येतो, हें त्यास ठाऊक नव्हतें. आम्हीं त्या कचेरीचें दार दाखविलें, इतकेंच.

पुकारा झाला. बंधु उठून मुलाबरोबर पुढें जाऊं लागले. शिपायानें त्यांस मागेंच थांबविलें. न्यायाधीशांनीं आरोप वाचून दाखविला आणि विचारलें, "गुन्हा कबूल आहे काय?" कोणाच्या दडपणाखालीं कबुली देत नाहीं ना, हेंही विचारलें. मुलानें एकदां मागें वळून पाहिलें. त्या वेळीं आपल्या चेहऱ्यावर कोणता भाव ठेवावा हें आम्हांस कळेना. मग तो "कबूल आहे" म्हणाला, तें मागच्या बाकापर्यंत ऐकूं आलें.

१०,००० रुपये दंड झाला, आणि सहा महिने परवान्यास अपात्रता. याहून कमी मुदत न्यायाधीशांच्या हातांतच नसते. दंडाची रक्कम बंधूंनीं खिशांतून काढली होती. चिरंजीवांनीं ती घेतली नाहीं, स्वतःच्या पगारांतून भरली. घरीं परततांना रिक्षांत कोणीच कांहीं बोललें नाहीं. भावजयीनें त्या दिवशीं चतुर्थी नसतांनाही मोदक केले होते, तें आमच्या अजून ध्यानांत आहे.

सहा महिन्यांची मुदत गेल्या आठवड्यांत संपली. परवाना परत मागण्याचा अर्ज टेबलावर पडून आहे. चिरंजीव अद्याप सकाळीं आठच्या बसनेंच कचेरीस जातात, आणि आम्ही त्यांस त्याबद्दल कांहीं विचारीत नाहीं.