दानार्पणाची थैली आणि हिशेबाची वही

आजचा विषय जाहीर झाल्यावर एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, चर्चला पैसे द्यावेत की नाही एवढंच सांगा ना, त्याला व्याख्यान कशाला?" त्याचं म्हणणं खोटं नाही. पण आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवल्यावर एका वाक्यात उत्तर देण्याची सवय मोडते. शिवाय या एका प्रश्नावरून आमच्या घरात सहा वर्षं अबोला नाही तरी कुरबुर चाललेली आहे. तेव्हा आज थोडा विचार आणि थोडा कबुलीजबाब, असं ऐकून घ्यावं लागेल.

श्रोत्यांत ख्रिस्ती नसलेली मंडळीही दिसतात, म्हणून आधी दोन शब्द. रविवारच्या उपासनेत गीत चालू असताना एक कापडी थैली रांगारांगांतून फिरते. जो तो तीत काही टाकतो. मग थैली पुढे नेतात आणि पाळकसाहेब प्रार्थना करून ती देवाला अर्पण करतात. हे दानार्पण. याखेरीज सभासदांची महिन्याची वर्गणी असते. मूल झालं, नोकरी लागली, ऑपरेशन नीट पार पडलं की उपकारस्तुतीचं पाकीट असतं. आणि कापणीच्या सणाला लोकांनी आणलेल्या वस्तूंचा लिलाव होतो. त्यात वीस रुपयांचा भोपळा पाचशेला जातो, आणि घेणारा तोच भोपळा पुन्हा लिलावाला ठेवतो! अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी एकदा येऊन पाहावा असा बाजार.

आमचं बालपण जालन्याकडच्या एका खेड्यात गेलं. तेव्हा जालना औरंगाबाद जिल्ह्यातच होतं, १९८१ साली वेगळा जिल्हा झाला. आई जात्यावर बसण्याआधी सुपातल्या ज्वारीतली एक मूठ बाजूला काढून डालडाच्या डब्यात टाकायची. तिला ती देवाची मूठ म्हणायची. रविवारी डबा चर्चमध्ये जायचा आणि रिकामा होऊन परत यायचा. १९७२ सालच्या दुष्काळात आम्ही शहरात एम.ए.ला होतो. सुट्टीत घरी गेलो तर वडील दुष्काळी कामावर खडी फोडत होते, आणि घरात रेशनचा लाल मिलो. ज्यांनी तो खाल्लाय त्यांना वर्णन नको, आणि ज्यांनी खाल्ला नाही त्यांना करून उपयोग नाही. त्या मिलोतलीही एक मूठ आई डब्यात टाकत होती. आम्ही नुकताच कांट वाचलेला. म्हणालो, "आई, देवाला मिलो लागत नाही." ती हात न थांबवता म्हणाली, "देवाला नाही रे लागत. पलीकडच्या आंधळ्या म्हातारीला लागतो."

या वाक्याचा अर्थ कळायला आम्हाला पंचवीस वर्षं लागली. आईने हिशेब कधी मागितला नाही, कारण तिला तो रोज दिसत होता. मूठ कोणाच्या चुलीवर जाते हे साऱ्या वस्तीला ठाऊक होतं. शहरात थैली पडद्यामागच्या खोलीत जाते, आणि तिथून पुढे काय होतं ते आपल्याला दिसत नाही.

आता थोडा इतिहास, कारण आमच्या लोकांना हिशेब विचारायची सवय का नाही, हे त्याशिवाय कळत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या शहरात चर्च मिशनरी सोसायटीचं काम होतं. पारशी घराण्यातून ख्रिस्ती झालेले रतनजी नौरोजी इथे झटले. जालन्याला स्कॉटिश मिशनचे नारायण शेषाद्री होते. त्यांनी वसवलेलं बेथेल आमच्या वाडवडिलांच्या तोंडी असायचं. शाळा, दवाखाने, बंगले आणि उपदेशकांचे पगार, या सगळ्यांचा पैसा मुख्यतः परदेशातून यायचा. तिथल्या एखाद्या गरीब विधवेनेही त्यात आपली नाणी टाकलेली असत, हे विसरू नये. पण ज्याचा पैसा, त्याला हिशेब. वार्षिक अहवाल विलायतेला आणि अमेरिकेला जात. इथला माणूस देणाराही नव्हता आणि विचारणाराही नव्हता. तो घेणारा होता.

गंमत अशी की हे चुकीचं आहे हे मिशनच्या धुरीणांनाच कळत होतं. त्याच सोसायटीचे लंडनमधले सचिव हेन्री वेन आणि अहमदनगरच्या मिशनची जी मातृसंस्था, तिचे रूफस अँडरसन या दोघांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यालाच मांडलं होतं की देशी मंडळी स्वतःच्या खर्चावर चालणारी, स्वतःचा कारभार पाहणारी आणि स्वतः वाढणारी असावी. कागदावर उत्तम! पण कारभार मिशनऱ्यांच्या हातून सुटायला पुढे कित्येक दशकं गेली. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' उभारला, त्यामागे ही अस्वस्थताही होती. पुढे परदेशी माणसं गेली, पैसा आटला. १९७० साली नागपूरला वेगवेगळी मिशनं एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. जमिनी आणि इमारती विश्वस्तांकडे राहिल्या. वर्गणी आम्ही भरू लागलो, पण प्रश्न विचारण्याची जागा मात्र रिकामीच राहिली. आमचे वडीलधारे कमिटीपुढे उभे राहायचे ते मिशनरीसाहेबापुढे उभं राहावं तसे, हात बांधून.

आता कबुलीजबाब. आमच्या मंडळीचं नाव आम्ही घेणार नाही, कोणाची बदनामी करायची नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस छपराच्या दुरुस्तीसाठी निधी काढला. आम्ही एका महिन्याचा पगार दिला. दोन पावसाळे गेले, छपरावर तीच ताडपत्री. वार्षिक सभेत आम्ही उठून विचारलं. कमिटीतले एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले, "सर, देवाला दिलेलं परत मोजायचं नसतं." मागे कोणीतरी हसलं. आम्ही बसलो. पुढच्या रविवारी थैली आली, तेव्हा ती तशीच पुढे सरकवली.

सहा वर्षं आम्ही काही दिलं नाही. पैसे खाल्ले गेले नव्हते, हे मागाहून कळलं. ते चर्चच्या जागेच्या कोर्टकज्ज्यात खर्च झाले होते. खर्च खरा होता, पण ज्यासाठी मागितले त्यासाठी नाही, आणि हे कोणी सांगितलं नाही. आम्ही ठरवलं, तेवढीच रक्कम दुसरीकडे द्यायची. घाटी दवाखान्यात औषधांच्या चिठ्ठ्या हातात घेऊन नातेवाईक उभे असतात, त्यांना द्यायची. एखाद्या मुलाच्या वसतिगृहाची फी भरायची. पहिली दोन वर्षं वहीत नोंद आहे. तिसऱ्या वर्षी नोंदी विरळ झाल्या. चौथ्या वर्षी आम्ही फ्रिज घेतला. ती वही अजून आहे आणि ती पाहिली की आमचं तत्त्व कुठे संपलं आणि चिक्कूपणा कुठे सुरू झाला, ते पानाच्या आकड्यासकट सांगता येतं.

आमच्या सौ. शाळेत शिक्षिका होत्या. त्या आपल्या पगारातून पाकीट टाकतच राहिल्या. म्हणायच्या, "भांडण तुमचं आणि कमिटीचं आहे. मी कशाला उपाशी राहू?" उपाशी, हा त्यांचा शब्द.

आणि एक गोष्ट घडली ती आम्ही मोजलीच नव्हती. प्राध्यापकच देत नाहीत म्हटल्यावर इतर चारपाच घरांनाही तत्त्व सुचलं. वर्गणी घटली. कोर्टाचा वकील थांबला नाही, कमिटी थांबली नाही. थांबला तो पाळकांचा पगार. एके संध्याकाळी ते आमच्याकडे आले, चहा घेतला, आणि सहज विचारल्यासारखं म्हणाले, "सर, तुमच्या ओळखीत कोणाला इंग्रजीची शिकवणी हवी आहे का?" पैशांचं एक अक्षर बोलले नाहीत. ते गेल्यावर आम्ही बराच वेळ कप उचलला नाही.

त्या रात्री आम्ही शास्त्र काढलं, शिकवायला नव्हे, स्वतःसाठी. दशमांशावरचं प्रवचन बहुधा मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातून होतं. दहावा हिस्सा भांडारात आणा, नाहीतर तुम्ही देवाला लुबाडता, असा त्याचा रोख. पण त्याच पुस्तकाच्या पहिल्या दोन अध्यायांत संदेष्टा झोडपतो तो याजकांना, म्हणजे भांडार ज्यांच्या ताब्यात त्यांना! विधवेच्या दोन टोल्यांची गोष्टही अशीच. मार्काच्या बाराव्या अध्यायात तिच्या लगेच आधी विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना येशू फटकारतो. प्रवचन मात्र नेमकं त्यानंतरच्या ओळीपासून सुरू होतं. पन्नास वर्षं ऐकतो आहोत, आधीची ओळ वाचणारे हाताच्या बोटांवर मोजावेत. आणि अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात तर दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच ठेवायचा आहे, लेवी, परका, पोरका आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. आमच्या आईचा डबा तो हाच.

पण आम्हाला धरून ठेवलं ते नहेम्याच्या तेराव्या अध्यायाने. यरुशलेममध्ये दशमांश ठेवायची मोठी खोली एल्याशीब याजकाने तोबीया नावाच्या आपल्या सोयऱ्याला राहायला दिली होती. लेव्यांना त्यांचा वाटा मिळेना, म्हणून ते सेवा सोडून आपापल्या शेतांवर गेले. शेत म्हणा, शिकवणी म्हणा, एकच. नहेम्या परत आला तेव्हा त्याने काय केलं? तोबीयाचं सामान बाहेर फेकलं, खोली शुद्ध करून घेतली, अधिकाऱ्यांना जाब विचारला. मग लोकांनी धान्य, द्राक्षारस आणि तेल आणलं. आणि वाटपासाठी लोक ज्यांना विश्वासू मानत अशी माणसं नेमली. म्हणजे देणंही थांबवलं नाही आणि विचारणंही थांबवलं नाही. पौलानेही यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी जमवली, तेव्हा ती एकट्याने नेली नाही. इतक्या मोठ्या रकमेबद्दल कोणी बोट दाखवू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला. करिंथकरांस दुसरं पत्र, आठवा अध्याय. साक्षात पौलाला साक्षीदार लागतो, तर आमच्या खजिनदाराला का लागू नये?

आता थोडं तत्त्वज्ञान. मराठीत पैसे देण्याचे तीन शब्द आहेत: कर, वर्गणी आणि दान. कर द्यावाच लागतो. जर्मनीत चर्चचा कर आहे, आयकराच्या आठ किंवा नऊ टक्के, आणि तो टाळायचा तर सरकारदरबारी चर्च सोडल्याची नोंद करावी लागते. वर्गणी आपण मिळून काही चालवण्यासाठी काढतो. गल्लीतलं गणेश मंडळसुद्धा तिचा हिशेब फळ्यावर लावतं, निदान लावायला हवा. आणि दान म्हणजे सोडून दिलेलं. आमची अडचण अशी होती की मागताना त्याला कर म्हणत, दिला नाहीत तर देवाचे देणेकरी. आणि विचारलं की त्याचं दान होई, दिलेलं मोजू नये. खरं पाहता ती होती वर्गणी, आणि तो शब्द दोन्ही वेळा कोणी उच्चारत नसे. आमच्या मते दान देवाला असतं, पण ते वाहून नेणारा हात माणसाचा असतो. हाताला प्रश्न विचारला म्हणून देवाचा अपमान होत नाही.

कायदाही वेगळं सांगत नाही. चर्च असो, मंदिर असो, महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या न्यासाने हिशेब ठेवायचे, तपासून घ्यायचे आणि धर्मादाय कार्यालयाला सादर करायचे असतात. उपासनेला येणारा साधा माणूसही या कायद्याच्या दृष्टीने हितसंबंधित आहे. मात्र आम्ही धर्मादाय कार्यालयात गेलो नाही. आपल्याच लोकांविरुद्ध अर्ज लिहिताना हात जड होतो, आणि कोर्टखर्चाचं काय होतं ते पाहिलेलंच होतं.

आम्ही दोन पाकिटं केली. एकावर लिहिलं, पाळकांच्या पगारासाठी. दुसऱ्यात पैसे नव्हते, सचिवांच्या नावे पत्र होतं, गेल्या तीन वर्षांचे हिशेब पाहायला मिळावेत म्हणून. दुसऱ्या पाकिटाला उत्तर यायला दोन वार्षिक सभा लागल्या. मग बँकेत नोकरीला असलेला एक तरुण खजिनदार झाला आणि दर तीन महिन्यांनी उपासना संपल्यावर जमाखर्च वाचू लागला. पहिल्याच दिवशी एका आजींनी विचारलं, पंखे बंद आहेत तर लाइटबिल एवढं कसं? त्या पंख्यांच्या पात्यांवर देणगीदारांची नावं आहेत, बरं का! नावाचा मोह जुनाच आहे. आपल्या जिल्ह्यातल्या पितळखोऱ्याच्या लेण्यात पैठणच्या एका गंधिकाच्या, म्हणजे सुगंधी द्रव्यवाल्याच्या कुटुंबाने दिलेल्या खांबावर तसं कोरून ठेवलेलं आहे. हिशेब वाचू लागल्यावर दानार्पण वाढलं, असं सांगायला आवडलं असतं. वर्षभर ते होतं तेवढंच राहिलं. छप्पर मात्र झालं.

एक शंका अजून गेलेली नाही. आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या बाई अलीकडे एका मोठ्या प्रार्थना सभेला जातात. तिथे पडद्यावर क्यूआर कोड दाखवतात आणि सांगतात, बी पेरा, शंभरपट मिळेल. मुलाच्या आजारपणासाठी त्या दर महिन्याला पाचशे रुपये पाठवतात. आम्हाला राहवलं नाही. विचारलं, "ते पैसे कुठे जातात, सांगतात का तुम्हाला?" त्यांनी उलट विचारलं, "सर, तुमच्या चर्चमध्ये सांगतात का?"

आम्ही म्हणालो, "आता सांगतात, दर तीन महिन्यांनी."

"मग तुमचं बरं आहे," असं म्हणून त्या भांडी घासायला आत गेल्या. मुलाचं कसं आहे ते आम्ही अधूनमधून विचारतो. पाचशे रुपयांचं पुन्हा विचारलेलं नाही.