टेनिसला वर्षासन हवं: शंभर वर्षांच्या देणग्यांचा मागोवा

मुंबईच्या विक्रोळीत खेळ म्हटला की आधी कबड्डी. कन्नमवार नगर असो, टागोर नगर असो की पार्कसाइट, मंडळाचं पटांगण आणि अंगात दम एवढ्यावर डाव सुरू होतो. टेनिस या वस्त्यांपर्यंत पोचलं नाही, आणि त्याचं पहिलं कारण जागेच्या हिशेबात आहे. पुरुषांच्या कबड्डीचं मैदान १३ बाय १० मीटर. तेवढ्यात चौदा जण खेळतात. टेनिसचं कोर्ट ७८ बाय ३६ फुटांचं, पण मागे-बाजूला धावायला मोकळीक धरली तर १२० बाय ६० फूट, म्हणजे ७,२०० चौरस फूट लागतात आणि तिथे एका वेळी फार तर चौघं खेळतात. वर रॅकेटची तार तुटते, आणि चेंडूंचा डबा एकदा उघडला की त्यांच्यातला दाब उतरायला लागतो. थोड्याच दिवसांत चेंडू उसळेनासा होतो. हा खेळ त्यामुळे कायम कुणाच्या तरी थैलीवर चालत आला. ती थैली गेल्या शंभरेक वर्षांत कशासाठी सैल झाली आणि कशासाठी झाली नाही, हे नीट पाहायला हवं.

सुरुवात जिमखान्यांपासून झाली. मुंबईत १८९४ मध्ये उभा राहिलेला हिंदू जिमखाना देणगीदार घराण्यामुळे आजही परमानंददास जीवनदास हे नाव लावतो. पुण्यात १९०६ मध्ये डेक्कन जिमखाना सुरू झाला. याच डेक्कन जिमखान्याच्या १९१९ च्या स्पर्धांना सर दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून गेले. शेतकऱ्यांची मुलं अनवाणी धावताना पाहून त्यांनी मनावर घेतलं, आणि पुढच्याच वर्षी अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय पथक गेलं. खर्चाचा मोठा वाटा त्यांनी स्वतः उचलला. बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले, तर कुस्तीत रणधीर शिंदे यांचं कांस्यपदक थोडक्यात हुकलं. ज्यांच्या गाठीला पैसा नव्हता त्यांच्यापर्यंत दान पोचलं तर काय होतं, हे महाराष्ट्राने तेव्हाच पाहिलं होतं.

टेनिसला मात्र ते भाग्य लाभलं नाही. दोराबजींच्या पत्नी लेडी मेहेरबाई साडी नेसून टेनिस खेळत आणि चांगल्या खेळत. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या मिश्र दुहेरीत महंमद सलीम यांच्या जोडीला त्यांचं नाव होतं. १९३१ मध्ये ल्युकेमियाने त्या गेल्या आणि १९३२ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ न्यास उभा राहिला, तो रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी. ते दान अगदी योग्य जागी गेलं. पण टेनिसलाही दानाची गरज असू शकते, हा विचार त्या काळी कुणाच्या मनात येण्याजोगा नव्हता. जिमखान्याचा सभासद वर्गणी भरे आणि खेळे. सभासद नसलेली मुलं कोर्टावर चेंडू उचलायला येत, आणि त्यातला एखादा मार्कर होऊन साहेबांना सराव देई.

कायद्याचाही हात आखडताच होता. १८९५ मध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने नॉटेज खटल्यात ठरवलं की, निव्वळ खेळाला उत्तेजन म्हणून ठेवलेला पैसा धर्मादाय होत नाही. ती दृष्टी पुष्कळ वर्षं टिकली. आपल्याकडे प्रत्यक्ष कर मंडळाने सप्टेंबर १९८४ च्या परिपत्रकात खेळांचा प्रसार हे धर्मादाय कार्य असल्याचं स्पष्ट केलं. १९९८ मध्ये राष्ट्रीय क्रीडा विकास निधी आला. पुढे २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करण्याचं बंधन घातलं आणि त्या कामांच्या यादीत खेळाचं प्रशिक्षणही घेतलं.

दारं अशी उघडत गेली, पण पैसा धावला तो शिखराकडे. चेन्नईत १९८० च्या दशकात ब्रिटानिया कंपनीच्या पाठबळावर अमृतराज कुटुंबाची अकादमी सुरू झाली. तिथला लिअँडर पेस १९९० मध्ये विम्बल्डनचा कुमार विजेता झाला आणि १९९६ मध्ये त्याने अटलांटा ऑलिंपिकहून कांस्यपदक आणलं. त्या पैशाचं सोनं झालं. मग अपोलो टायर्स आणि महेश भूपती यांनी २०१८ पर्यंत एकेरीचा ग्रँड स्लॅम विजेता घडवण्याचा विडा उचलला. २०१८ आलं, विजेता आला नाही. त्याच वर्षी चेन्नईची एटीपी स्पर्धा पुण्यात बालेवाडीला आली आणि २०२३ पर्यंत तिथे रंगली. २०२३ मध्येच आपल्या ऋतुजा भोसलेने रोहन बोपण्णाबरोबर हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं. या यशाचा आनंद मोठा आहे. पण स्पर्धा उरकली की मंडप उतरतो, आणि वस्तीतल्या मुलाच्या हातात रॅकेट आलेली नसतेच.

पायथ्याला पैसा लावण्याची उदाहरणंही जगात आहेत. अमेरिकी टेनिसपटू आर्थर अ‍ॅश रिचमंडमधल्या सार्वजनिक बागेतल्या कोर्टांवर खेळायला शिकला. त्याने १९६९ मध्ये मित्रांसह शहरांतल्या गरीब मुलांसाठी टेनिसची चळवळ सुरू केली, ती अमेरिकेत आजही देणग्यांवर चालते. आपल्या देशात राफाएल नदालच्या प्रतिष्ठानने २०१० मध्ये अनंतपूर या आंध्रातल्या दुष्काळी जिल्ह्यात व्हिसेंट फेरर यांच्या संस्थेबरोबर शाळा काढली. तिथे मुलं टेनिसबरोबर इंग्रजी आणि संगणकही शिकतात. विजेता घडवणं हा तिथला उद्देशच नाही. मूल रोज येतं, वेळ पाळतं, मुलगी मुलासमोर जाळीपलीकडे बरोबरीने उभी राहते, यासाठी तिथे पैसा खर्च होतो.

जागेची अडचणही आता पूर्वीइतकी मोठी राहिलेली नाही. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाने २००७ पासून लहानांसाठी लाल, नारिंगी आणि हिरव्या चेंडूंची पद्धत रूढ केली. लाल चेंडू बराच संथ असतो, त्याला कोर्ट लागतं साधारण ११ बाय ५.५ मीटरचं आणि जाळी ८० सेंटिमीटरची. म्हणजे कबड्डीच्या मैदानात ते सहज बसतं. सकाळी चुन्याच्या रेघा मारून, दोन खांबांना जाळी बांधून मुलांचं टेनिस व्हावं आणि संध्याकाळी त्याच मातीत चढाया व्हाव्यात, यात मंडळाचं काहीच बिघडत नाही.

उरतो तो प्रशिक्षक, आणि सारं अडतं ते इथेच. रॅकेटी एकदा वाटून फोटो काढता येतो. पण महिन्याच्या महिन्याला मानधन देणारा दाता विरळा. विक्रोळीला मात्र असं दान परकं नाही. पिरोजशा गोदरेज यांनी १९४३ मध्ये इथली जमीन लिलावात घेतली. तिथे कारखान्याबरोबर वसाहत उभी राहिली, उदयाचल शाळा निघाली. १९८५ मध्ये सूनाबाई पिरोजशा गोदरेज सागरी परिसर केंद्र स्थापन झालं. खाडीकाठची कांदळवनं टिकली ती एका दिवसाच्या वृक्षारोपणाने नव्हे. संशोधन, राखण आणि लोकांना समजावणं यासाठी चार दशकं माणसं कामाला ठेवली गेली, म्हणून ती आज उभी आहेत. मुलांचा खेळही अशाच नेमाने जगतो.

कायदाही आता याला पूरक आहे. सामाजिक निधी खर्च करताना कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावं, असं कंपनी कायद्याचं कलम १३५ सांगतं. २०२१ च्या नियमांनुसार एखादं काम सुरुवातीच्या वर्षानंतर आणखी तीन वर्षं चालू प्रकल्प म्हणून नेता येतं. पूर्व द्रुतगती मार्ग आणि लालबहादूर शास्त्री मार्ग यांच्या काठाने आज कंपन्यांच्या उंच इमारती आहेत आणि त्यांच्या मागेच म्हाडाच्या चाळी आहेत. एका कंपनीने एका मंडळाशी सलग चार वर्षांचा करार करावा: एक प्रशिक्षक, शक्यतो याच भागातला, त्याचं दरमहा मानधन, चेंडू, जाळी, आणि मुलींसाठी राखून ठेवलेली वेळ. शंभर वर्षांत आपण टेनिसला करंडक दिले, मंडप दिले, विमानाची तिकिटं दिली. आता प्रशिक्षकाचा पगार द्यायला हवा. तो नियमाने मिळू लागला तर कबड्डी जोपासणाऱ्या या मातीत टेनिसही रुजेल.