तापट स्वभाव की धोक्याची खूण?

अमेरिकेत २०२२ साली रोज सरासरी १७ हून अधिक माजी सैनिकांनी आत्महत्या केली. आत्महत्येच्या वाटेवरच्या माणसात आपण उदासी शोधतो. रागाकडे मात्र ‘स्वभावच तापट’ म्हणून काणाडोळा करतो.

पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा मानसिक विकार, जडला की मेंदू सतत पहाऱ्यावर असतो. रणांगणात त्यानेच जीव वाचतो. घरी मात्र दार आपटलं, बायकोने ‘उशीर का झाला?’ एवढंच विचारलं, तरी हल्ला झाल्यासारखं वाटतं. मग आरडाओरडा, मग अबोला. खरी मेख या अबोल्यात आहे. ‘मी कुणाचाच नाही’ आणि ‘मी सगळ्यांना ओझं झालोय’ या दोन भावना एकत्र आल्या की जगणं नकोसं होतं, असं मानसशास्त्रज्ञ थॉमस जॉइनर यांनी २००५ मध्ये मांडलं. रागाने जोडीदार दुरावतो आणि नेमकं या भावनांनाच खतपाणी मिळतं. अर्थात, जोडीदाराने मुकाट सोसावं असं मुळीच नाही.

अमेरिकेत माजी सैनिकांसाठीच्या ‘स्ट्रेंथ अ‍ॅट होम’ कार्यक्रमात आवळलेला जबडा, वाढलेले ठोके वेळीच ओळखून बाजूला व्हायला शिकवतात.

आपल्याकडे घरात असं कुणी असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं.