केमनमधला एक शेअर, मुंबईतला खटला

केमन बेटांवर नोंदलेल्या कंपनीला नफ्यावर वा भांडवली लाभावर कर नाही. कॅरिबियनमधल्या या सोयीचा भारताशी थेट संबंध व्होडाफोन प्रकरणाने दाखवला.

● २००७ : हचिसन कंपनीने केमनमधल्या ‘सीजीपी इन्व्हेस्टमेंट्स’चा एकमेव शेअर व्होडाफोनच्या डच कंपनीला सुमारे ११ अब्ज डॉलरना विकला. त्यासोबत मुंबईच्या हचिसन-एस्सार या मोबाइल कंपनीचा ताबाही गेला.

● दावा : नफा हचिसनचा, पण पैसे देताना करकपात केली नाही, म्हणून प्राप्तिकर खात्याने व्होडाफोनकडे ११ हजार कोटींहून अधिक रुपये मागितले.

● निकाल : २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खात्याची बाजू मान्य केली; २० जानेवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने व्होडाफोनची.

● कायदा : निकालानंतर २०१२ मध्येच प्राप्तिकर कायद्यात पूर्वलक्षी दुरुस्ती झाली आणि असे जुने व्यवहारही करपात्र ठरले. २०२१ मध्ये सरकारने जुन्या व्यवहारांवरील तो दावा सोडला. नव्या अप्रत्यक्ष (परदेशी शेअरमार्फत होणाऱ्या) हस्तांतरणांवर मात्र कर लागू आहे.

● नागपूर : येथील राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमीत अशी प्रकरणे हाताळणारे प्राप्तिकर खात्याचे अधिकारी घडतात. भारताच्या केमनशी २०११ मध्ये झालेल्या करारामुळे त्यांना तिथली करविषयक माहिती मागता येते. बुडालेला प्रत्येक रुपया शाळा-दवाखान्यांचा असतो, म्हणून हे प्रशिक्षण मोलाचे.