तीन मिलिमीटरची वाट

एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू या. रात्री तुम्ही आडवे झोपलेले असता. मूत्रपिंडे मात्र झोपत नाहीत. रक्त गाळण्याचे त्यांचे काम अहोरात्र चालू असते. दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव ती गाळतात, त्यातील बहुतेक सगळा पुन्हा रक्तात परत घेतात आणि उरलेला दीड लिटरच्या आसपास द्रव मूत्र म्हणून बाहेर सोडतात. हे मूत्र मूत्राशयापर्यंत पोचते कसे?

‘उतारावरून पाणी वाहते तसे’, असे उत्तर तुम्ही द्याल. पण आडव्या झोपलेल्या माणसाच्या शरीरात उतार कुठला? अंतराळवीरांना तर वर काय आणि खाली काय, दोन्ही सारखेच. तरी त्यांचे मूत्राशय आपल्यासारखेच भरते. तेव्हा हे काम उताराचे नाही. ते करणारी एक बारीक नळी आहे. तिचे नाव मूत्रवाहिनी.

ढकलणारी नळी

प्रत्येक मूत्रपिंडापासून एक अशा दोन मूत्रवाहिन्या आपल्या शरीरात असतात. मोठ्या माणसात प्रत्येकीची लांबी २५ ते ३० सें.मी. आणि जाडी अवघी ३ ते ४ मि.मी. असते. सायकलच्या व्हॉल्व्हवर चढवतात ती रबरी नळी तुम्ही पाहिली असेल. मूत्रवाहिनी साधारण तेवढीच जाड असते.

या रबरी नळीचा एक छोटा प्रयोग करून पाहा. वीतभर नळी घ्या, तिच्यात पाणी भरा आणि ती टेबलावर आडवी ठेवा. एका टोकाशी ती चिमटीत धरा आणि चिमूट तशीच दाबून पुढे सरकवत न्या. पुढचे पाणी दुसऱ्या टोकातून बाहेर पडेल. नळी थोडी वर चढती धरली तरीही पडेल. मूत्रवाहिनी अगदी हेच करते. फरक इतकाच, की तिला बाहेरची चिमूट लागत नाही. तिच्या भिंतीत स्नायू असतात. मूत्रपिंडाजवळच्या काही पेशी इशारा देतात, तेथील स्नायू आकुंचन पावतात आणि ती आकुंचनाची लाट खालपर्यंत धावत जाते. मिनिटाला अशा एक ते पाच लाटा येतात आणि प्रत्येक लाट मूत्राचा एक छोटा घोट मूत्राशयात सोडते.

मूत्राशयाशी आणखी एक गंमत आहे. मूत्रवाहिनी मूत्राशयाच्या भिंतीतून सरळ आत शिरत नाही, तिरकी शिरते. मूत्राशय भरून ताणले की भिंतीतला हा तिरका भाग आपोआप दाबला जातो आणि मूत्र मागे फिरू शकत नाही. झडप नसून झडपेचे काम साधते! काही लहान मुलांमध्ये हा तिरका भाग जन्मतःच आखूड असतो. मग मूत्र उलटे मूत्रपिंडाकडे चढते आणि त्याबरोबर जंतुसंसर्गही वर जाऊ शकतो.

वाट अडली तर?

मूत्रवाहिनी तीन ठिकाणी अधिक अरुंद असते: मूत्रपिंडातून निघताना, कमरेच्या हाडाच्या कडेशी मोठी रक्तवाहिनी ओलांडताना आणि मूत्राशयात शिरताना. मुतखडा अडकतो तो बहुधा या तीन जागांपैकी एकीत. बरेचसे मुतखडे कॅल्शियम ऑक्झॅलेट या क्षाराचे असतात. ४-५ मि.मी.पेक्षा लहान खडा पुष्कळदा आपणहून खाली उतरतो. त्याहून मोठा खडा मात्र बुचासारखा बसतो.

बूच बसले तरी मूत्रपिंडाचे गाळण्याचे काम चालूच राहते. खड्याच्या मागे मूत्र तुंबते, दाब वाढतो, मूत्रपिंडाचा पोकळ भाग ताणला जातो आणि कुशीपासून जांघेपर्यंत जीवघेणी कळ येते. ज्याला ही कळ आली आहे, त्याला तिचे वर्णन विचारण्याची गरज नसते. त्याचा चेहराच ते सांगतो.

येथे एक गोष्ट मनात पक्की ठेवायला हवी. कळ थांबली म्हणजे खडा गेलाच, असे नाही. काही दिवसांनी तुंबलेल्या मूत्रपिंडाचे काम मंदावते, दाब उतरतो आणि दुखणेही थांबते. बूच मात्र तसेच असते. अशा अवस्थेत कित्येक आठवडे लोटले, तर ते मूत्रपिंड कायमचे निकामी होऊ शकते. आणि कळ येत असताना थंडी वाजून तापही आला, तर तुंबलेल्या मूत्रात जंतू वाढल्याची ती खूण असू शकते. तेव्हा घरगुती काढ्यांची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

भुलेची पहिली देणगी: वेळ

मूत्राशयातला खडा कापून काढण्याची विद्या फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेत तिचे वर्णन आहे. पण भूल नसलेल्या काळात अशा शस्त्रक्रियेचे यश शल्यविशारदाच्या घाईवर अवलंबून असे. रुग्णाला चार माणसांनी धरून ठेवायचे आणि दोन-चार मिनिटांत काम उरकायचे! मूत्राशय त्यामानाने हाताशी असते. मूत्रवाहिनी मात्र पोटाच्या अगदी मागच्या बाजूला, पाठीच्या स्नायूंना चिकटून असते. दोन-चार मिनिटांत तिथवर पोचणार कोण?

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेतील बोस्टन शहरात विल्यम मॉर्टन यांनी ईथरची भूल जाहीरपणे दाखवली. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म वापरात आणले. शल्यविशारदाला प्रथमच वेळ मिळाला.

या वेळेचे काय झाले, ते जर्मनीतील हायडेलबर्ग येथे दिसले. गुस्टाव्ह सिमोन या शल्यविशारदांकडे एक स्त्री उपचारासाठी आली होती. पूर्वीच्या एका शस्त्रक्रियेत तिच्या मूत्रवाहिनीला इजा झाली होती आणि तिथून मूत्र सतत बाहेर झिरपत होते. ते छिद्र बंद करण्याचे प्रयत्न फसले. मग एकच मार्ग उरला: त्या बाजूचे मूत्रपिंडच काढून टाकायचे. पण एका मूत्रपिंडावर माणूस जगतो का? तोपर्यंत हे कोणालाच नक्की माहीत नव्हते. सिमोन यांनी आधी कुत्र्यांवर प्रयोग केले. एक मूत्रपिंड काढल्यावर उरलेले दुसरे सारा भार उचलते, असे त्यांना आढळले. मृतदेहांवर त्यांनी शस्त्रक्रियेचा सराव केला. मगच २ ऑगस्ट १८६९ रोजी त्या स्त्रीला क्लोरोफॉर्मची भूल देऊन त्यांनी तिचे मूत्रपिंड काढले. शस्त्रक्रियेला सुमारे ४० मिनिटे लागली. ती स्त्री वाचली.

आज एखादी आई आपल्या मुलाला एक मूत्रपिंड देते आणि स्वतः चांगली जगते, त्या विश्वासाच्या मुळाशी १८६९ चा हा प्रसंगही आहे.

न कापता आत

पण एका नळीसाठी अख्खे मूत्रपिंड गमावणे किंवा कुशीत वीतभर छेद घेणे, हे काही समाधानकारक उत्तर नव्हे. मूत्रमार्ग, मूत्राशय, मूत्रवाहिनी अशी निसर्गाने दिलेली वाट आहेच की! तिनेच वर का जाऊ नये?

१९१२ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोरचे ह्यू हॅम्प्टन यंग एका दोन महिन्यांच्या बाळाच्या मूत्राशयाची दुर्बिणीने तपासणी करीत होते. जन्मजात अडथळ्यामुळे त्या बाळाच्या मूत्रवाहिन्या खूप फुगलेल्या होत्या. दुर्बीण सहजच मूत्रवाहिनीत शिरली आणि थेट मूत्रपिंडापर्यंत पोचली. जिवंत माणसाच्या मूत्रवाहिनीचा आतून घेतलेला तो पहिला वेध. पण निरोगी जाडीच्या मूत्रवाहिनीत जाईल अशी दुर्बीण तेव्हा नव्हती.

ती यायला काचतंतू यावे लागले. केसासारख्या बारीक काचतंतूंच्या जुडीतून चित्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेता येते, हे हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी १९५४ मध्ये लंडनमध्ये दाखवून दिले. दहा वर्षांनी, १९६४ मध्ये, व्हिक्टर मार्शल यांनी ३ मि.मी. जाडीची तंतुदुर्बीण मूत्रवाहिनीत सरकवली. आतला खडा दिसला. पण तो काढायला तिच्यातून हत्यार जात नव्हते. १९८० च्या सुमारास स्पेनमधील माद्रिदचे एन्रिके पेरेस-कास्त्रो यांनी मूत्रपिंडापर्यंत पोचणारी लांब दुर्बीण वापरात आणली. १९९० नंतरच्या दशकात होल्मियम लेसर आला. दुर्बिणीतून एक बारीक तंतू खड्याला टेकवायचा आणि लेसरने खड्याचा भुगा करायचा. अंगावर कुठेही छेद नाही!

भुलेची दुसरी देणगी: स्तब्धता

आता विचार करा. ३ मि.मी.च्या नळीत जवळजवळ तेवढ्याच जाडीची दुर्बीण आहे. नळीची भिंत नाजूक आहे. अशा वेळी रुग्ण खोकला किंवा दचकला तर? भिंतीला भोक पडेल, ती फाटेलही. म्हणूनच येथे भूल केवळ वेदना थांबवण्यासाठी नसते. शरीर स्तब्ध ठेवण्यासाठीही असते.

भूल दोन प्रकारे देतात. एका प्रकारात पाठीच्या कण्यात सुई देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. रुग्ण जागा असतो, बोलतोही. दुसऱ्या प्रकारात रुग्णाला पूर्ण बेशुद्ध करतात आणि त्याचा श्वास यंत्रावर चालवतात. फरक कुठे पडतो? श्वासाबरोबर छातीचा पडदा वरखाली होतो आणि त्याबरोबर मूत्रपिंडही एखाद-दोन सेंटिमीटर वरखाली सरकते. खडा वरच्या भागात असेल, तर लेसरचा नेम सारखा चुकतो. पूर्ण भूल दिली असेल, तर भूलतज्ज्ञ लहान लहान श्वास देऊन ही हालचाल कमी करू शकतात.

आणि तरीही एक गोष्ट थांबत नाही! भूल देताना वापरायचे स्नायू शिथिल करणारे औषध हातापायांचे आणि छातीचे स्नायू थांबवते. मूत्रवाहिनीचे स्नायू वेगळ्या जातीचे असतात. त्यांच्यावर या औषधाचा ताबा नाही. त्यामुळे माणूस गाढ बेशुद्ध असतानाही दुर्बिणीतून पाहणाऱ्याला मूत्रवाहिनी मधूनच मिटताना दिसते. हृदयासारखेच तिचेही काम चालू असते.

स्तब्धतेचा उपयोग मोजमापासाठीही झाला. बाळाची मूत्रवाहिनी रुंद दिसते म्हणजे ती अडलेलीच असते का? १९७३ मध्ये इंग्लंडचे रॉबर्ट व्हिटाकर यांनी यासाठी एक चाचणी मांडली. बारीक सुईने मूत्रपिंडात मिनिटाला १० मि.लि. वेगाने द्रव सोडायचा आणि मूत्राशयापेक्षा तेथे किती दाब चढतो ते पाहायचे. पाण्याच्या १५ सें.मी. उंचीपर्यंतचा दाब म्हणजे वाट मोकळी, २२ सें.मी.च्या वर गेला तर अडथळा. लहान मुले सुई लावून पडून राहणार नाहीत, म्हणून ही चाचणी त्यांना भूल देऊन करीत. आता अशा निदानासाठी बहुधा सुईची ही चाचणी न करता किरणोत्सारी द्रव्याची अल्प मात्रा टोचून तपासणी करतात.

विमानांपासून मुतखड्यापर्यंत

तिसरी युक्ती आली ती विमानांच्या कारखान्यातून. पावसाचे थेंब अतिवेगवान विमानावर आदळले, की धातूत आघात-तरंग उठतात. डॉर्निए या जर्मन कंपनीचे तंत्रज्ञ त्यांचा अभ्यास करीत होते. हेच तरंग खड्यावर सोडले तर?

लंबवर्तुळाला दोन नाभी असतात, हे भूमितीत तुम्ही शिकाल. एका नाभीतून निघालेले तरंग भिंतीवर आपटून दुसऱ्या नाभीत एकवटतात. अर्ध्या लंबवर्तुळाच्या आकाराच्या भांड्यात, पाण्याखाली, एका नाभीवर विजेची ठिणगी पाडायची आणि दुसऱ्या नाभीवर रुग्णाचा खडा आणायचा. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये ख्रिश्चन शॉसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रीतीने पहिल्या रुग्णाच्या मूत्रपिंडातला खडा फोडला. पुढे मूत्रवाहिनीच्या वरच्या भागातले खडेही असे फुटू लागले. रुग्णाला पाण्याच्या टाकीत ठेवून भूल द्यावी लागे आणि प्रत्येक आघात हृदयाच्या ठोक्याशी जुळवून दिला जाई. नंतरच्या यंत्रांत टाकी गेली. आघातही सौम्य झाले. त्यामुळे पुष्कळदा वेदनाशामक औषधावर काम भागते.

आणि सर्वांत स्वस्त उपाय?

इटलीतील संशोधकांनी पहिल्यांदाच मुतखडा झालेल्या १९९ जणांचा पाच वर्षे मागोवा घेतला आणि १९९६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिवसाला दोन लिटर मूत्र होईल इतके पाणी पिणाऱ्या ९९ जणांपैकी १२ जणांना पुन्हा खडा झाला. ज्यांना तसे सांगितले नव्हते अशा १०० जणांपैकी २७ जणांना. या उपायाला दुर्बीण लागत नाही, लेसर लागत नाही, भूलही लागत नाही.

आपल्याकडच्या एप्रिल-मे महिन्यांत घामावाटेच इतके पाणी जाते, की मूत्र गडद पिवळे होते. ते फिकट राहील एवढे पाणी पीत जा. शाळेत स्वच्छतागृहाला जावे लागू नये म्हणून दिवसभर पाणीच न पिणारी मुले-मुली, विशेषतः मुली, तुमच्या वर्गातही असतील. शिक्षक मित्रहो, त्यांना पाण्याच्या बाटलीची आणि मधल्या वेळी वर्गाबाहेर जाण्याची परवानगी मोकळेपणाने द्या. आणि शाळेतले स्वच्छतागृह वापरण्याजोगे आहे ना, ते एकदा स्वतः जाऊन पाहा.